हिवाळवाटा : प्रस्तावना

आमच्या पाम गावात हिवाळा आल्याची खबर थंडीच्या आधी वाट देते. पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावर जायचं तर बांधाबांधाने वळसा घालावा लागतो. खाचरात पाणी, पाण्याखाली चिखल आणि चिखलात भात उभं. दसऱ्याच्या सुमाराला हळवं भात कापलं जातं, दिवाळीच्या मागेपुढे गरवं. भारे खळ्यावर जातात, जमीन सुकत जाते आणि एका सकाळी कोणीतरी खाचर आडवं ओलांडतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पावलावर पाऊल टाकून आणखी दोघं जातात. आठ-दहा दिवसांत धसकटांमधून हातभर रुंदीची पांढुरकी रेघ उमटते. शाळेत जाणारी मुलं, फाटी आणायला निघालेल्या बाया, गुराखी, सगळे त्याच रेघेवरून चालतात. ती कोणी आखलेली नसते आणि कुठल्या नकाशातही नसते. पुढच्या पावसात पहिली नांगरणी झाली की ती पुसली जाते आणि पुढच्या हिवाळ्यात जवळजवळ त्याच जागी पुन्हा उमटते.

या पुस्तकाचं नाव ‘हिवाळवाटा’ का, याचं उत्तर त्या रेघेत आहे. पालघर जिल्ह्यातल्या डोंगरांत, किल्ल्यांवर, पाड्यांमधून आणि किनाऱ्याने हिवाळ्यात केलेल्या भटकंतीचं हे पुस्तक आहे. हिवाळ्यातली भटकंती म्हटलं की हल्ली आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला किंवा लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवर जाणाऱ्यांत मराठी मुलंमुली हमखास असतात. कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या घरांतले नातलग पायांना ‘स्नोशू’ बांधून बर्फात चालतानाचे फोटो पाठवतात. हा स्नोशू मोठा विचारपूर्वक केलेला जोडा आहे. लाकूड वाकवून केलेली चौकट आणि तिच्यात कातड्याच्या वादीची जाळी, असं त्याचं जुनं रूप. माणसाचं वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं, म्हणून पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी शिकारीसाठी आणि गावोगाव जाण्यासाठी त्याचे नाना आकार घडवले. पुढे एकोणिसाव्या शतकात माँट्रिअलसारख्या शहरात त्याची मंडळं निघाली आणि गरजेचं चालणं हौसेचं झालं.

तिकडचा हिवाळा वाट बुजवतो आणि माणूस जोडा बांधून ती परत मिळवतो. आपल्याकडे वाट बुजवतो तो पाऊस, आणि ती परत देतो तो हिवाळा. जमीन तीच, माणसं तीच, फक्त चिखलाची माती होते. मात्र दोन्हीकडे गोष्ट एकच घडली आहे. रोजच्या जगण्यासाठी पाडलेल्या वाटेवर पुढे हौशी माणूस आला. त्या वाटेचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे. या पुस्तकाने तो विचारला आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

नव्या वाचकासाठी आधी मुलूख मांडतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा राज्याचा 36वा जिल्हा. जुनी माणसं त्याचे दोनच भाग सांगतात, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. बंदरपट्टीत केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू ही वाड्यांची, मच्छीमारांची आणि भुईकोटांची गावं. तिला समांतर पश्चिम रेल्वे धावते. रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्या दरम्यान डोंगरांची एक रांग आहे. पालघरच्या पूर्वेला वाघोबा खिंडीवरचा काळदुर्ग आणि दक्षिणेला सफाळ्याजवळचा तांदुळवाडी किल्ला याच भागात येतात. मनोरच्या पुढे महामार्गावरच्या खोडकोन्यापाशी अशेरीगड, मनोर-वाडा रस्त्यावर वाघोट्याजवळ कोहोज, डहाणू तालुक्यात गंभीरगड आणि महालक्ष्मीचा सुळका. त्यापलीकडे जमीन चढत जाते ती जव्हार-मोखाड्याच्या पठारापर्यंत. जव्हारचा भूपतगड आणि मोखाड्यातलं सूर्यमाळ इथे पोचलं की सह्याद्रीची मुख्य भिंत समोर दिसते. सूर्या आणि वैतरणा या नद्यांनी हा सगळा मुलूख एकत्र बांधला आहे. तांदुळवाडीच्या माथ्यावरून दोघींचा संगम दिसतो.

इथल्या चालण्याचा इतिहास दुर्गप्रेमींपासून सुरू होत नाही. सर्वांत जुनी परंपरा अर्थातच इथल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या लोकांची. पाड्यापासून रानात, रानातून बाजारात, बाजारातून देवाला. वाघोबा खिंडीतलं वाघोबाचं देऊळ त्या वाटेचं पहिलं ठाणं. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला पाड्यापाड्यांवर वाघोबाची पूजा होते. ज्याच्या रानातून वर्षभर जायचं त्याची आधी आठवण करायची, एवढा साधा त्यामागचा भाव आहे. वारली चित्रांत तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याच चित्रांत डोक्यावर ओझं घेऊन, हातात काठी घेऊन चालणारी माणसंही असतात, ती आपण क्वचित निरखतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं जगभर पोचवली. त्यांच्या कागदावरची माणसं कधी स्वस्थ उभी नसतात.

दुसरी परंपरा मोहिमेची. पावसाळा संपला की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मुलूखगिरीला निघायचं, हा मराठी फौजांचा रिवाज. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते जव्हारच्या वाटेने, आणि तिथल्या शिरपामाळावर त्यांचा मुक्काम पडल्याचं सांगतात. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी पडली ती 1739 च्या जानेवारीत. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार कामी आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई घेतली गेली. म्हणजे आज ज्या दिवसांत आपण डबा बांधून किल्ल्यावर जातो, त्याच दिवसांत ही माणसं याच मुलखात लढत होती. ऋतूचं गणित तेच होतं. नद्या उतरलेल्या, माती घट्ट झालेली, टाक्यांत पाणी शिल्लक.

तिसरी परंपरा वारकऱ्यांची. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढीची वारी पावसात भिजत होते, ही ऐन थंडीत. जव्हार-मोखाड्याच्या चढावर पहाटे धुक्यातून आधी टाळ ऐकू येतात आणि मग पताका दिसतात. ज्याने ते एकदा अनुभवलं, त्याला हिवाळी भटकंती ही शहरी कल्पना आहे असं कधी वाटणार नाही.

चौथी परंपरा कागद घेऊन चालणाऱ्यांची आहे. इंग्रजी अमदानीतल्या 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने इथले किल्ले, टाकी आणि रस्ते नोंदवले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1924 मध्ये ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली आणि केळवे-माहीमच्या परिसराला त्याचा लिखित भूतकाळ मिळाला. आणि पाचवी परंपरा आपण फार लवकर विसरलो ती पायी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची. गोदावरी परुळेकर 1945 पासून डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पाड्यांत वेठबिगारीविरुद्ध माणसं जागी करत हिंडल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक त्या चालण्यातून आलं आहे. त्याच 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी आयुष्यभर चालवलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना इथली. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या वाटेने चालायचं, यापेक्षा मोठा धडा मला कुठल्या गिर्यारोहणाच्या पुस्तकात मिळालेला नाही.

हौस म्हणून डोंगरात जाणं महाराष्ट्रात रुजलं ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे साधारण चार प्रवाह दिसतात. पहिला दुर्गप्रेमींचा. गो. नी. दांडेकरांनी किल्ला हा पाहण्याचा आणि त्याहून जास्त जगण्याचा विषय केला. त्यांच्यामागून आलेल्या प्र. के. घाणेकरांसारख्या लेखकांनी भटक्यांच्या हाती नेमकी माहिती दिली. दुसरा गिर्यारोहकांचा. मुंबईत 1954 साली ‘गिरिविहार’ स्थापन झाली आणि दोर, कडे, प्रस्तरारोहण यांची शिस्त आली. 18 मे 1998 रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. तिथे उभे राहिलेले ते पहिले महाराष्ट्रीय. त्या शिस्तीचं ते शिखर म्हणता येईल. तिसरा प्रवाह निसर्ग पाहणाऱ्यांचा, म्हणजे पक्षी, झाडं आणि फुलपाखरं नोंदत हळू चालणाऱ्यांचा. चौथा संवर्धकांचा. ‘किल्ले वसई मोहीम’सारख्या मंडळींनी आपल्याच जिल्ह्यात टाक्यांतला गाळ उपसणं, झुडपं काढणं, गावोगाव इतिहास सांगणं हे काम नेटाने केलं आहे. गेल्या काही वर्षांत माणशी पैसे घेऊन रविवारी बस भरून नेणाऱ्यांचा पाचवा प्रवाहही आला. त्याने अनेकांना पहिल्यांदा डोंगर दाखवला हे मान्य केलं पाहिजे. पण एकाच दिवशी एकाच किल्ल्यावर दोनशे माणसं नेण्याने काय होतं, तेही माथ्यावरचा कचरा पाहून कळतं.

या सगळ्या प्रवाहांत पालघरचे डोंगर मागे राहिले. पुण्या-मुंबईचा भटक्या लोणावळा, माळशेज, हरिश्चंद्रगड करतो. इथली उंची हजार-दोन हजार फुटांची, म्हणून हे डोंगर किरकोळ समजले गेले. उंचीवरून डोंगर मोजण्याची ही सवय चुकीची आहे. अशेरीचंच पाहा. खोडकोन्यातून निघालं की पहिला तास सागाच्या रानातून जातो. हिवाळ्यात सागाचं पान वाळून गळतं आणि पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. खिंडीतून वर गेलं की शेवटचा टप्पा अंगावर येतो, अरुंद घळ आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या. तिथे हात टेकताना दगड गार लागतो, कारण या बाजूला ऊन उशिरा पोचतं. वर आलं की समोर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबर पाड्यावरचे एक आजोबा होते. मी त्या चिन्हाकडे वाकून पाहत राहिलो. त्यांनी मात्र आधी पुढच्या गुहेत जाऊन अशेरीदेवीला हात जोडले, मग टाक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाले, “होळीपर्यंत पुरंल.” त्या चार तासांत मी इतिहास पाहिला आणि त्यांनी पाणी पाहिलं. दोन्ही पाहायला शिकवतो तो खरा मार्गदर्शक.

हिवाळ्याचं शास्त्रही थोडं सांगायला हवं, कारण थंडी म्हणजे सोपा ऋतू असा गैरसमज आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो कोरडा असतो, म्हणून घाम जाणवत नाही आणि माणूस पाणी कमी पितो. दुपारी खारा वारा उलटा फिरतो आणि ऊन चांगलंच लागतं. माणशी तीन लिटर पाणी हिवाळ्यातही लागतंच. कातळ कोरडा असल्याने बूट पकडतो, पण वाळलेल्या गवतावर तोच बूट घसरतो, आणि उतरताना पडणारे बहुतेक त्या गवतावर पडतात. कमरेइतकं गवत पायवाट झाकतं. माहीत नसलेल्या माणसाला गुरांची वाट आणि माणसांची वाट वेगळी काढता येत नाही. गुरांची वाट चाऱ्याकडे जाते आणि कड्यावर नेऊन सोडते. कपारींत आग्या मोहोळ असतं. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. उन्हाला तापलेल्या दगडांत फुरसं असतं. आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चारला माथा सोडला नाही तर रानात अंधार गाठतो. माघ उलटला, पळस फुलला की वणव्याचे दिवस सुरू होतात. त्यानंतर डोंगरावर आगपेटी न्यायची नाही.

आता हे पुस्तक आजच का हवं? बोईसर-तारापूरचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 साली तारापूरला सुरू झालं. त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. आज मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होत आहे. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, द्रुतगती महामार्ग आणि वाढवण बंदर ही कामं याच जिल्ह्यातून जातात. बंदराची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर आता हे बंदर उभं राहणार. या कामांविषयी प्रत्येकाचं मत वेगळं असेल. पण आपल्या जिल्ह्यात काय आहे हे ज्याने पायांनी पाहिलं नाही, त्याच्या मताला वजन कसं येणार? बोईसरच्या इमारतींत वाढलेली हजारो मुलं पूर्वेकडची रांग रोज गॅलरीतून पाहतात आणि तिच्यातल्या एकाही डोंगराचं नाव सांगू शकत नाहीत. दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी नेलंच नाही.

दुसरं कारण अधिक जड आहे. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागांतली आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. गावात म्हातारी माणसं उरतात. ज्या आठवड्यात आपण पाठीला सॅक लावून वर चढतो, त्याच आठवड्यात ही माणसं त्याच वाटेने खाली उतरतात. हे ठाऊक नसताना पाड्यातून जाणारा भटक्या म्हणतो, गाव किती शांत आहे! ती शांतता सौंदर्याची नाही, कुलूप लावलेल्या झोपड्यांची आहे. हिवाळ्याचं वर्णन करणाऱ्या मराठी लेखनात ही बाजू फार कमी येते. या पुस्तकात ती आली आहे. भटकंतीतून पाड्यावर चार पैसे कसे राहतील, वाटाड्याची मजुरी काय द्यावी, जेवण पाड्यावरच कसं घ्यावं, याचा विचार लेखकांनी किल्ल्याच्या वर्णनाइतक्याच गांभीर्याने केला आहे.

पुस्तकाचा उद्देश मर्यादित आहे आणि ते त्याचं बळ आहे. ही किल्ल्यांची जंत्री नाही आणि विक्रमांची नोंदवहीही नाही. पालघर-बोईसर परिसरातल्या भटक्यांनी अनेक हिवाळे एकाच मुलखात पुन्हा पुन्हा चालून जे टिपलं, ते ऋतूच्या क्रमाने इथे मांडलं आहे. वाघबारशीपासून सुरुवात होते आणि होळीच्या आधी पुस्तक थांबतं. वाटेत भुईकोट येतात, बोर्डीजवळच्या बारड डोंगरातली बहरोटची लेणी येतात. पारशांचं संजाण हे ठाणं पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी तिथे जपल्याचं सांगतात. खाडीकाठी उतरलेले हिवाळी पाहुणे पक्षी येतात, आणि वालपापडी व कंद घालून लावलेली वाडवळांची उकडहंडीही येते. लेखक अनेक असले तरी दृष्टी एक आहे. डोंगर हा कोणाच्या तरी घराचा परसू आहे, आणि परसवात जाताना आधी हाक मारायची असते.

भाषेविषयी एक शब्द. वाटांची, टाक्यांची, झाडांची नावं लेखकांनी पाड्यांवर ऐकली तशीच ठेवली आहेत. ती प्रमाण मराठीत बसवण्याचा मोह टाळला, हे फार बरं केलं. झाडाचं स्थानिक नाव विसरलं की त्याच्या सालीचा उपयोग विसरला जातो, आणि खिंडीचं नाव विसरलं की तिथला देव आणि तिथलं पाणी दोन्ही नजरेआड होतात.

वाचकाने हे पुस्तक घरी बसून वाचून संपवू नये. पहिलं प्रकरण वाचावं आणि येत्या सुट्टीला पालघर स्थानकावर उतरून मनोरच्या एसटीत बसावं. वाघोबा खिंडीत उतरावं, देवळाच्या पायरीवर दोन मिनिटं थांबावं आणि तिथल्या कोणाला तरी काळदुर्गाची वाट विचारावी. साधारण दीड तासात चौकोनी कातळमाथ्यावर पोचाल. पश्चिमेला समुद्र, खाली पालघर आणि देवकोपचा तलाव, पूर्वेला सूर्येचं खोरं. हे सगळं आपलं आहे, आणि आपल्याआधी तिथे राहणाऱ्यांचं आहे. बरोबर एक लहान मूल न्या. पाणी जास्त घ्या, कचरा खाली आणा, वाटाड्याला त्याची मजुरी हातात द्या. आणि उतरल्यावर ज्याने वाट दाखवली त्याचं नाव विचारायला विसरू नका.